कोल्टच्या पिस्तुलावरचा आकडा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे, गंजून घट्ट झालेले, मुठीचे लाकूड तडकलेले एखादे लष्करी रिव्हॉल्व्हर जाणकाराच्या हाती आले, की नळीवरच्या नावावर तो लगेच विश्वास ठेवत नाही. नाव कोणालाही कोरता येते. त्याची नजर शोधते ते आकडे. सांगाड्याच्या पोटावर, चापाभोवतीच्या पितळी कड्यावर, मुठीच्या पट्टीवर, नळीच्या बुडाशी, फिरत्या सिलिंडरवर आणि नळीला सांगाड्याशी जखडून ठेवणाऱ्या छोट्याशा पाचरीवरही एकच आकडा निघाला, तर हे सारे भाग एकाच दिवशी, एकाच बाकावर एकत्र आले होते असे मानायला आधार मिळतो. पिस्तूल कोल्टचे असेल, तर या आकड्यांना आणखी एक अर्थ असतो. यंत्रे सारे भाग अगदी एकसारखे घडवतात आणि एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्याला सहज बसतो, ही सॅम्युएल कोल्टच्या कारखान्याची ख्याती होती, आणि ती वाढवण्यात खुद्द कोल्टचा वाटा सर्वांत मोठा होता. ती ख्याती पूर्णपणे खरी असती, तर प्रत्येक भागावर आकडा ठोकण्याचे कारणच उरले नसते.

सॅम्युएल कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड येथे झाला. आईचे वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. त्यांचे चकमकीचे जुने पिस्तूल हे या मुलाचे पहिले खेळणे होते, असे सांगितले जाते. आई क्षयाने लवकर गेली, वडिलांच्या व्यवसायाला उतरती कळा लागली आणि अकराव्या वर्षी मुलाला शेतावर कामाला राहावे लागले. पुढे वडिलांच्या कापड गिरणीत असताना, १८२९ सालच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने तळ्यातला तराफा सुरुंगाने उडवून दाखवण्याचा घाट घातला. पाहायला जमलेल्या लोकांच्या अंगावर चिखलपाण्याचा वर्षाव झाला, असे त्याचे वर्णन येते. शाळेतही त्याने असेच दारूकाम केले, आग लागली आणि शिक्षण तेथेच संपले. अशा मुलाचे काय करायचे, या प्रश्नाला त्या काळच्या बॉस्टनमध्ये एक ठरलेले उत्तर होते: जहाजावर पाठवणे.

१८३० मध्ये सोळा वर्षांचा कोल्ट ‘कॉर्व्हो’ या जहाजावरून निघाला. जहाज लंडनमार्गे कोलकात्याला जाणारे होते. म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध प्रवास हिंदुस्थानच्या दिशेने झाला. या प्रवासात जहाजाचे सुकाणूचक्र किंवा नांगर ओढण्याचे रहाट फिरताना आणि ठरावीक जागी अडकताना पाहून त्याला कल्पना सुचली, अशी कथा आहे. कथा सुबक आहे, आणि म्हणूनच ती जरा जपून स्वीकारावी. बॉस्टनच्याच एलिशा कॉलियरने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये फिरत्या सिलिंडरच्या चकमकीच्या बंदुकीचे पेटंट घेतले होते आणि तिचे काही नमुने हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्यापर्यंत पोहोचले होते. कोल्टने त्यातला एखादा नमुना लंडनमध्ये किंवा कोलकात्यात पाहिला असावा, असा तर्क अनेक अभ्यासक करतात. मात्र कॉलियरच्या बहुतेक बंदुकांत सिलिंडर हाताने फिरवावा लागे. घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकावा आणि बार उडेपर्यंत घट्ट अडकून राहावा, ही जोडणी कोल्टची. प्रवासात त्याने कोरलेले लाकडी भाग हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अॅथेनियम या संग्रहालयात जपलेले आहेत.

लाकडाचे लोखंड करायला पैसे लागतात. ते कोल्टने ज्या मार्गाने उभे केले तो वाचून आज हसू येते. १८३२ पासून सुमारे तीन वर्षे तो गावोगाव ‘डॉक्टर’ म्हणून हिंडला आणि तिकीट लावून लोकांना हसवणारा वायू हुंगवू लागला. जाहिरातीत तो स्वतःला न्यूयॉर्क, लंडन आणि कोलकाता येथला म्हणवून घेई. खलाशी म्हणून केलेल्या सफरीचा असाही उपयोग झाला. मिळालेल्या पैशांतून बाल्टिमोरच्या जॉन पिअर्सन या कसबी बंदूककाराने त्याचे सुरुवातीचे नमुने घडवले. कोल्ट स्वतः हातचा कारागीर नव्हता, हे येथे नमूद करायला हवे. त्याच्याजवळ कल्पना होती आणि ती विकण्याचे असामान्य कसब होते. कानस दुसऱ्याच्याच हातात असे.

१८३५ मध्ये इंग्लंडचे आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेचे पेटंट मिळाले. न्यू जर्सीतील पॅटरसन येथे कारखाना उभा राहिला. या ‘पॅटरसन’ पिस्तुलांची खूण आजही चटकन पटते. सिलिंडरला पाचच घरे असतात, चापाभोवती कडे नसते आणि घोडा ओढेपर्यंत चाप सांगाड्यात लपलेला असतो. यंत्रणा नाजूक होती, किंमत भारी होती आणि अमेरिकी लष्कर जुन्या ठासणीच्या बंदुकांवर समाधानी होते. १८४२ मध्ये कारखाना बंद पडला. त्याच्याच आगेमागे कोल्टचा भाऊ जॉन खुनाच्या खटल्यात अडकला. मृताला पिस्तुलाने मारले असावे काय, असा मुद्दा निघाला तेव्हा सॅम्युएलला न्यायालयात आपल्या पिस्तुलाचे प्रात्यक्षिक करून दाखवावे लागले. भावाला फाशीची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर १८४२ मध्ये, फाशीच्याच दिवशी, तो कोठडीत मृतावस्थेत सापडला. पुढची काही वर्षे कोल्ट पाण्याखालचे सुरुंग आणि तारयंत्राच्या जलरोधक तारा यांत गुंतला. पिस्तुलांचा अध्याय संपला असेच कोणालाही वाटले असते.

तो पुन्हा उघडला टेक्सासमुळे. टेक्सासच्या आरमाराने १८३९ मध्ये पॅटरसन पिस्तुले घेतली होती. ती पुढे तेथील ‘रेंजर’ घोडदळाच्या हाती गेली आणि जून १८४४ मध्ये कोमांची योद्ध्यांशी झालेल्या चकमकीत मूठभर रेंजरांनी ती घोड्यावरून वापरली. त्या चकमकीत जखमी झालेला सॅम्युएल वॉकर दोन वर्षांनी मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात अमेरिकी सैन्यात कप्तान झाला आणि नव्या पिस्तुलासाठी कोल्टला भेटला. जानेवारी १८४७ मध्ये एक हजार पिस्तुलांचा करार झाला, प्रत्येकी २५ डॉलरला. कोल्टजवळ तेव्हा कारखाना नव्हता. व्हिटनीव्हिल येथील एली व्हिटनी या धाकट्या व्हिटनीच्या कारखान्यात ही पिस्तुले तयार झाली. करारातील एक हजार आणि खासगी विक्रीची शंभर, एवढाच त्यांचा पसारा.

हे ‘वॉकर’ पिस्तूल म्हणजे दोन किलोंहून अधिक वजनाचे, नऊ इंची नळीचे, सहा बारांचे धूड होते. सिलिंडरची घरे इतकी मोठी होती, की त्या काळच्या लोखंडाला तेवढ्या दारूचा दाब झेपत नसे आणि कित्येक सिलिंडर फुटले. बार उडाल्याच्या धक्क्याने नळीखालची ठासणीची दांडी खाली पडे आणि पिस्तूल अडे. स्वार ती चामड्याच्या वादीने बांधून ठेवत. पुढच्या ‘ड्रॅगून’ पिस्तुलात कोल्टने सिलिंडर आणि नळी आखूड केली आणि दांडीला टोकाशी खिट्टी बसवली. वॉकर स्वतः ऑक्टोबर १८४७ मध्ये लढाईत मारला गेला. त्याच्या नावाची पिस्तुले युद्धात झिजली, फुटली, हरवली, आणि आज जी थोडी उरली आहेत त्यांतली बहुतेक जखमीच आहेत. कोणाचा सिलिंडर नंतरचा, कोणाची नळी कापलेली. वॉकर ओळखताना आकड्यासोबत कंपनीचे अक्षर पाहतात, कारण ही पिस्तुले सैन्याच्या तुकड्यांनुसार ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरे आणि क्रमांक ठोकून पाठवली गेली होती. आकडा आहे पण अक्षर नाही, तर ते खासगी विक्रीतील शंभरांपैकी असू शकते, किंवा अक्षर घासून गेलेले असू शकते. या दोहोंतला फरक धातूच्या पृष्ठभागावरच शोधावा लागतो.

करारातून हाती आलेल्या भांडवलावर कोल्टने हार्टफर्डला स्वतःचे बस्तान बसवले. १८४९ मध्ये त्याने एलिशा रूट या यंत्रतज्ज्ञाला कारखान्याचा प्रमुख नेमले. कोल्टच्या चरित्रात रूटला मिळतात त्याहून कितीतरी अधिक पाने मिळायला हवीत. लोखंड साच्यात ठोकून आकार देणारे घण, एकेका कामासाठी वेगळी यंत्रे, भाग पकडून ठेवणारे साचे आणि माप तपासणारे गेज, ही सारी व्यवस्था त्याने उभी केली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टने आपली पिस्तुले मांडली, त्याच वर्षी नोव्हेंबरात तेथील सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे यंत्रांनी शस्त्रे घडवण्यावर व्याख्यान दिले आणि १८५३ मध्ये टेम्सकाठी पिमलिको भागात कारखाना सुरू केला. हा कारखाना पाहून इंग्रज यंत्रतज्ज्ञ थक्क झाले. १८५४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे जेम्स नॅस्मिथसारख्या नामांकित यंत्रकाराने त्याची प्रशंसा केली.

प्रत्यक्षात बाकावर काय चाले, ते पाहण्यासारखे आहे. यंत्रावरून भाग उतरत ते मऊ लोखंडाचे आणि मापाला किंचित जास्त असत. कारागीर कानशीने ते एकमेकांत बसवी. पिस्तूल नीट जुळले, घोडा आणि सिलिंडर यांची वेळ साधली, की त्या पिस्तुलाचा आकडा प्रत्येक मुख्य भागावर ठोकला जाई. मग ते पुन्हा सुटे करून सांगाडा आणि आतले भाग भट्टीत घालून त्यांचा पृष्ठभाग कडक केला जाई, नळीला निळसर झळाळी दिली जाई. भट्टीतून शेकडो पिस्तुलांचे भाग एकत्र बाहेर पडत, तेव्हा कोणाचा भाग कोणाचा हे सांगणारी एकच गोष्ट उरे: तो आकडा. कारण कडक झालेल्या धातूवर कानस चालत नाही आणि शेजारच्या पिस्तुलाचा भाग बसेलच याची खात्री नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी जुनी कोल्ट पिस्तुले खोलून मापे घेतली, कानशीचे ओरखडे तपासले, तेव्हा हीच गोष्ट समोर आली. यंत्रांनी श्रम प्रचंड वाचवले होते, पण शेवटचा हात माणसाचाच होता. १८५१ च्या प्रदर्शनात व्हरमाँटच्या रॉबिन्स आणि लॉरेन्स यांनी मांडलेल्या सहा रायफलींचे भाग खरोखर आपसात बदलता येत. गवगवा मात्र कोल्टचा अधिक झाला.

कोल्ट खोटारडा होता काय? त्याला तसे म्हणणे अन्यायाचे होईल. जी गोष्ट अर्धी साध्य झाली होती ती पूर्ण झाल्यासारखी सांगणे, हा त्याचा स्वभाव होता. नळीवरचा पत्ताच पाहावा. हार्टफर्डमध्ये बनलेल्या हजारो पिस्तुलांवर पत्ता न्यूयॉर्कचा आहे, कारण विक्रीची पेढी तेथे होती. नावाआधीचे ‘कर्नल’ हे बिरूद कनेटिकटच्या गव्हर्नरने दिलेले मानद होते. कोल्टने कधी युद्धभूमी पाहिली नाही. न्यूयॉर्कचा पत्ता पाहून पिस्तूल न्यूयॉर्कचे ठरवणारे नवशिके आजही भेटतात.

१८५१ चे ‘नेव्ही’ मॉडेल हे त्याचे सर्वांत गाजलेले लष्करी पिस्तूल. अष्टकोनी साडेसात इंची नळी, सहा बार, आणि सिलिंडरभोवती टेक्सास व मेक्सिकोच्या आरमारांची १८४३ मधील लढाई कोरलेली. हे चित्र वॉटरमन ऑर्म्सबी या बँकनोटांच्या कोरक्याने तयार केलेल्या साच्यावरून सिलिंडरवर दाबून उमटवले जाई. नोटेप्रमाणेच पिस्तुलाची नक्कल अवघड व्हावी, हाही त्यामागचा हेतू होता. चित्राची खोली अगदी नगण्य असते. म्हणूनच गंजलेल्या नेव्ही पिस्तुलावर घासकागद फिरवणारा उत्साही मालक अर्ध्या तासात जे घालवतो, ते पुन्हा आणता येत नाही. दिवा बाजूने, अगदी तिरपा धरला, तर गंजाखालीही जहाजांच्या शिडांच्या रेषा दिसतात. त्या दिसेपर्यंत हात न लावणे हेच शहाणपण.

लंडनच्या कारखान्यातून सुमारे ४२ हजार नेव्ही पिस्तुले बाहेर पडली. त्यांच्यावर लंडनचा पत्ता आणि तेथील चाचणीगृहाचे मुकुटाचे शिक्के असतात. ब्रिटिश सरकारने घेतलेल्यांवर बाणाची खूण दिसते. क्रिमियाच्या युद्धासाठी सरकारने हजारोंच्या संख्येने ती घेतली. पण कोल्टचे पिस्तूल दर बाराला घोडा ओढून चालवावे लागे, तर रॉबर्ट अॅडम्सच्या इंग्रजी पिस्तुलात नुसता चाप ओढला की काम होई आणि गोळीही जड असे. मागणी ओसरली आणि १८५६ अखेर लंडनचा कारखाना बंद झाला. वर्षभरातच हिंदुस्थानात उठाव झाला, तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट आणि अॅडम्स अशी दोन्ही पिस्तुले होती.

कोल्टची शेवटची वर्षे वैभवाची होती. नदीकाठच्या पुराच्या जमिनीला बांध घालून त्याने १८५५ मध्ये हार्टफर्डला भव्य कारखाना उभारला. वर सोनेरी ताऱ्यांचा निळा घुमट, त्यावर उधळलेले शिंगरू. बांध टिकावा म्हणून विलोची झाडे लावली आणि त्यांच्या फांद्यांपासून फर्निचर विणायला जर्मन कारागीर आणून वसवले. १८५६ मध्ये एलिझाबेथ जार्व्हिसशी विवाह झाला. यादवी युद्ध तोंडावर आले तरी दक्षिणेकडील राज्यांना पिस्तुले विकणे त्याने अगदी अखेरपर्यंत थांबवले नाही. उत्तरेतील वृत्तपत्रांनी त्याबद्दल त्याला फैलावर घेतले, आणि ते रास्तच होते. युद्ध ऐन भरात येण्यापूर्वी, १० जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी तो निवर्तला. १८६४ च्या फेब्रुवारीत कारखान्याला आग लागून मोठा भाग खाक झाला. तो एलिझाबेथने पुन्हा उभारला.

त्या युद्धाने जुन्या पिस्तुलांच्या ओळखीचे काम आणखी बिकट केले. दक्षिणेकडे कोल्टच्या नेव्हीची नक्कल सुरू झाली. जॉर्जियातील ग्रिसवोल्डव्हिलच्या कारखान्याने लोखंडाच्या टंचाईमुळे सांगाडा पितळेचा केला. त्यामुळे ती पिस्तुले लगेच ओळखू येतात, आणि दुर्मीळ असल्याने आज मोलाचीही ठरतात. बेल्जियममधील लिएजमध्ये काही परवान्याने, काही विनापरवाना नकला निघाल्या. त्यांच्यावर तेथील चाचणीगृहाचा लंबगोल शिक्का असतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत हौशी नेमबाजांसाठी हुबेहूब प्रतिकृती बनू लागल्या. त्या उघडपणे प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात. पण इटालियन शिक्के घासून, आम्लाने गंज चढवून त्या जुन्या म्हणून खपवणारे नंतर निपजले. शिक्का ठोकताना त्याखालचा धातूही दाबला जातो. त्यामुळे वरचा थर घासला तरी योग्य रसायनाने तो दाबलेला भाग उमटून दिसू शकतो. गुन्हे-अन्वेषणात खोडलेले आकडे वाचायला हीच पद्धत वापरतात.

दुरुस्तीचा पहिला नियम मात्र इतिहासाचा नाही, जिवाचा आहे. जुन्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दीडशे वर्षांपूर्वीचा बार तसाच असू शकतो आणि काळी दारू कोरडी राहिली तर अजूनही पेटते. म्हणून आधी टोप्या बसवायच्या बोंड्या तपासायच्या, घरांची खोली काडीने मोजायची, घोड्याला हात लावायचा नाही. त्यानंतर तेल आणि वाट पाहणे. पाचर आणि स्क्रू कित्येक दिवस तेलात मुरल्याशिवाय हलत नाहीत, आणि खाचेत नेमका बसेल असा स्क्रूड्रायव्हर घासून तयार केल्याशिवाय त्यांना हात लावणारा खाच तेवढी खराब करतो. लाल, भुगा सुटणारा गंज काढायचा. तपकिरी, घट्ट बसलेला थर ठेवायचा. शेवटी बारीक मेणाचा लेप. नळीला नव्याने निळी झळाळी देणे, बुजलेला आकडा पुन्हा ठोकणे, हरवलेल्या पाचरीवर जुळणारा आकडा कोरणे, हे संग्रहालयांत दुरुस्ती मानले जात नाही. तशी पाचर नवी बनवावी लागली तर ती कोरी ठेवतात, म्हणजे पुढच्या तपासणाऱ्याची फसगत होत नाही.

न जुळणारे आकडे दिसले की पिस्तूल बनावट, असा निष्कर्षही घाईचा ठरतो. कोल्टच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १८७३ मध्ये, त्याच्या कंपनीचे काडतुसांचे रिव्हॉल्व्हर अमेरिकी लष्करात आले. त्यातली हजारो पिस्तुले १८९५ नंतर नळी साडेपाच इंचांवर आणण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी परत मागवली गेली. सुटी केलेली पिस्तुले पुन्हा जोडताना कोणी आकडे पाहिले नाहीत. तोवर भाग एकमेकांना पुरेसे बसू लागले होते. ‘आर्टिलरी’ या नावाने संग्राहकांत ओळखल्या जाणाऱ्या या पिस्तुलांवर सांगाड्याचा आकडा एक, नळीचा दुसरा आणि कड्याचा तिसरा असतो, आणि सारे आकडे जुळणारे आर्टिलरी पिस्तूल समोर आले, तर जाणकार ते अधिक बारकाईने तपासतात.